पोरगं 'इंजेक्शनवर' आहे का? बघायचं कसं, बोलायचं कसं

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं मेडिकल आहे, 22 वर्षं झाली. तरी सख्ख्या भाच्याच्या सॉक्समधून उत्तेजक इंजेक्शनची, रबरी बुचाची काचेची बाटली निघाली तेव्हाच मला कळलं. दिवसभर औषधांत बसणाऱ्याची ही गत, तर रानात नाहीतर कारखान्यात राबणाऱ्या आईबापाला काय दिसणार? म्हणून हे लिहितोय.

पोरगं पोलीस भरतीची तयारी करत होतं. 1600 मीटर पळायचं, त्याला 20 गुण, आणि सगळा खेळ सेकंदांचा. पहाटे विद्यापीठाच्या रस्त्याला सराव. एकदा घरी आला, चहात साखर ढवळायला लागला, तर चमचा कपाच्या कडेला टिकटिक वाजायला लागला. थांबेचना. "मामा, झोप झाली न्हाई, दुसरं काय न्हाई." मी ऐकून घेतलं. पंधरा दिवसांनी तो पळता पळता कोसळला.

बाटलीत मेफेंटरमाइन होतं. हे काही विष नव्हे. ऑपरेशनला पाठीत भूल दिली की कधी कधी बीपी धाडकन उतरतं, ते वर आणायला भूलतज्ज्ञ हे वापरतात, समोर मॉनिटर लावून. आमची पोरं जिमच्या बाथरूममध्ये एकमेकांना टोचतात. मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचं रसायन हे औषध बाहेर ढकलतं. रक्तवाहिन्या आवळतात, छाती धडधडते, झोप आणि भूक पळते. साठा रिकामा झाला की पुढच्या वेळी तेवढ्यानं भागत नाही, मग पोरगं आपल्या मनानं वाढवतं. घोटाळा तिथून सुरू.

ताकद येते का? लहानपणी तालमीची माती मीही अंगाला लावलीय, त्या भाषेत सांगतो. जोर मारताना वस्ताद पोराच्या तोंडाकडे बघत नाही, बरगड्यांकडे बघतो, आणि श्वास बिघडला की "बास, ऊठ" म्हणतो. शरीरातही असाच एक वस्ताद बसलेला असतो. उत्तेजक औषध त्याच्या तोंडावर हात ठेवतं. दंड तेच, मांड्या त्याच, फक्त 'बास' म्हणणारं कोणी नाही. 1967 साली टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन हा इंग्लिश सायकलपटू माँ व्हाँतूच्या चढावर भर उन्हात असाच गेला. पोटात अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक आणि दारू होती. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे मैदानावर काय ऊन असतं ते तुम्हीच आठवा.

आता बघायचं काय. सकाळी पोरगं अंथरुणात असतानाच मनगटावर अंगठ्याच्या खाली दोन बोटं ठेवा, अर्धा मिनिट ठोके मोजा, दुप्पट करा. रोज पळणाऱ्या पोराची नाडी सावकाश असते, साठच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. निवांत पडलेला असताना शंभरच्या वर लागली तर सोडून देऊ नका. ताप असेल, रक्त कमी असेल, पण विचारा. अंगणात उन्हात उभा असूनही बुबुळाचा मधला काळा ठिपका मोठाच दिसतो का? तोंडाला कोरड, सारखी जीभ ओठावरून, दात चावणं, जेवणावरून ऊठणं. दोन रात्री जागा आणि मग दीड दिवस मेल्यासारखा झोपलेला, हे तर मी फार महत्त्वाचं मानतो. हाफ बाह्यांचा पोरगा अचानक फुल बाह्या घालायला लागला तर कारण थंडीच असेल असं नाही. एकच सुई चौघांत फिरली की कावीळ आणि एचआयव्हीचा धोका, त्यामुळे पुढे त्या तपासण्याही करायच्याच.

जिमच्या पावडरीचा डबाही उलटा करून वाचा. काहींच्या एका चमच्यात 200 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं. धडधाकट माणसाला दिवसाला 400 पर्यंत चालतं असं धरतात. पोरगं दोन चमचे टाकतं, वर कॅनमधलं एनर्जी ड्रिंक. (मी दिवसाला सहा कप चहा पितो, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.) मावाही यातलाच. तंबाखूतलं निकोटीनही उत्तेजकच, फक्त गल्लीत त्याला कोणी नशा म्हणत नाही.

पोरगं कोसळलं, छातीत कळ आली, अंग तव्यासारखं तापलं, असंबद्ध बडबडायला लागलं किंवा फिट आली, तर 108 लावा. सावलीत घ्या, कपडे ओले करा, वारा घाला, शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. कांदा-चप्पल हुंगवणं, तोंडात चमचा घालणं, पाणी पाजणं, काही नको. बीपी वाढलंय म्हणून आजोबांच्या डब्यातली गोळी तर अजिबात नको. आणि डॉक्टरांपुढे खरं बोला. माझ्या ताईनं तिथं "उपाशी पळाला, म्हणून चक्कर आली" असं सांगितलं. ती बाटली तेव्हा तिच्याच पर्समध्ये होती. अर्धा तास त्यात गेला. मी पोचलो आणि बाटली टेबलावर ठेवली, ताई अजून त्यावरून माझ्याशी नीट बोलत नाही.

बोलायचं कधी? औषध अंगात असताना नाही, तेव्हा पोरगं फुरफुरत असतं, हात उचलेल. झोपून उठला, जेवला, की मग. बापाच्या मित्रांपुढं नको, भावकीपुढं तर नकोच. मी त्याला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं, दोन ग्लास धारोष्ण दूध सांगितलं आणि एवढंच विचारलं, "पहिल्यांदा कुणी दिलं?" 'का घेतलंस' विचारलं की पोरं गप्प होतात. 'कुणी' आणि 'कधी' विचारलं की बोलतात. तो बोलला. ग्रुपमधल्या सातपैकी पाच जण घेत होते. पार्सलनं यायचं. न घेणारे दोघं मागं पडायला लागले, म्हणून सहावा हा.

खरी कीड ही. एकानं घेतलं की न घेणाऱ्याचा घाम फुकट जातो. जत्रेतल्या कुस्त्यांना लघवी तपासायला कोण येतंय? मोठ्या स्पर्धेत मात्र 'नाडा'वाले, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक चाचणी घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे लोक, येतात. मेफेंटरमाइन बंदीच्या यादीत आहे, सापडलं तर चार वर्षांपर्यंत बाहेर. म्हणजे पैलवानाची ऐन उमेद गेली. दुकानदारांनाही सोडत नाही मी. चिठ्ठीशिवाय हे द्यायचं नसतं, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

सोडल्यावरचे दोन-तीन आठवडे जपा. भूक, झोप, आणि मन एकदम खाली. अफूच्या व्यसनाला असतं तसं बदली औषध याला नाही, समुपदेशन आणि सोबत यावरच काम चालतं. पोरगं 'जगून काय उपयोग' असलं काही म्हणालं तर एकटं ठेवू नका, 14416 लावा. व्यसनासाठी 14446. दोन्ही फुकट. केस होऊन नोकरी जाईल या भीतीनं लोक फोन करत नाहीत. मेफेंटरमाइन सोडा, पण एमडीसारख्या अमली पदार्थाच्या व्यसनीनंही स्वतःहून उपचार घेतले तर सेवनाच्या खटल्यातून सूट देणारं 64 अ हे कलम 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातच आहे.

भाचा त्या भरतीत बसला नाही. औषधाविना त्याची वेळ चाळीस सेकंदांनी वाढली होती. आता परत पहाटे पळतो. येताना दुकानात येतो, काउंटरवर मनगट टाकतो, आणि मी गिऱ्हाईकाला थांबवून घड्याळ बघतो. काल 62 होती.