फ्रेमवर्क ठरवण्याआधी एक मॉड्यूल उपटून बघा

वेब ॲपसाठी फ्रेमवर्क (ज्यावर ॲप उभं राहतं तो तयार सांगाडा) निवडताना गिटहबवरचे स्टार, म्हणजे लोकांची पसंती, नंतर मोजा. आधी कागदावर ॲपची मॉड्यूलं, म्हणजे सुटे भाग, लिहा (ग्राहक, ऑर्डर, बिलिंग, स्टॉक) आणि कोणाला कोणाचा डेटा लागतो त्याचे बाण काढा. दोघांचे बाण एकमेकांकडे जात असतील तर गाठ तिथेच बसलेली आहे. ती कुठलंही फ्रेमवर्क सोडवून देत नाही.

लायसन्सचं काम अर्ध्या तासाचं. नेहमीची चार फ्रेमवर्क आणि त्यांची लायसन्स: जँगो बीएसडी, लॅराव्हेल आणि नेस्ट एमआयटी, स्प्रिंग बूट अपाचे 2.0, धंद्याला यातलं काहीच आड येत नाही. आड येतात ती वरून घातलेली पॅकेजेस. एजीपीएल या लायसन्सच्या कोडमध्ये बदल करून तो सर्व्हरवर चालवलात, तर वापरणाऱ्यांना सोर्स द्यावा लागतो.

सपोर्टच्या तारखा ग्राहकाशी केलेल्या देखभालीच्या कराराशी ताडून बघा. जँगो 5.2 ही एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती एप्रिल 2025 मध्ये आली, तिला एप्रिल 2028 पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार. लॅराव्हेलच्या आवृत्तीला त्या 2 वर्षंच मिळतात, म्हणजे देखभालीच्या दरात अपग्रेडचे दिवसही धरा.

आता खरी परीक्षा. तिला दोन दिवस द्या. ऑर्डर आणि बिलिंग ही दोनच मॉड्यूलं बांधा आणि मग बिलिंग काढून टाका. नवं मॉड्यूल जोडणं सगळीकडेच सोपं वाटतं, खोट कळते ती मॉड्यूल काढताना. जँगोत इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीतून बिलिंगची ओळ पुसा, टेस्ट चालवा. ऑर्डरच्या मॉडेल्स फाइलीत बिलिंगचं मॉडेल (टेबलाचं कोडमधलं रूप) इम्पोर्ट केलेलं असेल तर ॲप सुरूच होणार नाही, रनटाइम एरर येईल. फॉरेन की (एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारा दुवा) उलटी हवी: बिलानं ऑर्डरकडे बोट दाखवायचं, ऑर्डरनं फक्त सिग्नल, म्हणजे ‘हे घडलं’ एवढी सूचना, सोडायचा. ओळ पुसली तरी बिलिंगची टेबलं डेटाबेसमध्ये तशीच राहतात, म्हणून पुसण्याआधी त्या ॲपचं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) झीरोवर न्या, म्हणजे ते बदल मागे घ्या.

नेस्टमध्ये वेगळी फजिती. सर्व्हिस (काम करणारा कोड) मॉड्यूलच्या प्रोव्हायडर्स यादीत लिहिली पण एक्स्पोर्ट्स यादीत नाही, की दुसऱ्या मॉड्यूलला ती सापडत नाही. हा जाच चांगलाच. सीमा कुठे आहे ते निदान दिसतं. फॉरवर्ड रेफ (एकमेकांवर अवलंबून असलेली मॉड्यूलं जुळवायची युक्ती) मात्र डोकेदुखीवरची गोळी समजा. पहिल्या दिवशीच दोनदा लागली तर बाणांचा कागद परत काढा.

जँगोच ठरलं, तर पहिलं मायग्रेट चालवण्याआधी स्वतःचं युझर मॉडेल लावून घ्या. नंतर बदलायचं म्हटलं तर फॉरेन की हातानं दुरुस्त करत बसावं लागतं.