व्हिजिटर व्हिसा: मुलांकडे परदेशी निघण्याआधी या चुका टाळा

माझ्या काकू यावल तालुक्यातल्या. मुलगा टेक्सासला, सुनेला नुकतंच बाळ झालेलं. भुसावळहून रात्रीची गाडी धरून काकू मुंबईला गेल्या, अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपुढे दोन-तीन मिनिटं उभ्या राहिल्या आणि नकाराचा कागद घेऊन परत आल्या. बाळासाठी शिवलेली दुपटी महिनाभर बॅगेतच होती.

त्यानंतर मी त्यांचा भरलेला अर्ज पहिल्यांदा वाचला. "अमेरिकेत जवळचे नातेवाईक आहेत का?" या प्रश्नापुढे "नाही" लिहिलेलं. खिडकीत मात्र काकूंनी खरं तेच सांगितलं होतं, की मुलगा तिथे आहे. व्यवसायापुढे "गृहिणी". ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर तीन एकर केळीचा सातबारा आहे, जिला कटाईचा दिवस आणि खताचा हिशोब तोंडपाठ आहे, ती अर्जात कुठेच नव्हती. अर्ज एजंटाने भरला होता. काकूंनी फक्त फोटो आणि पासपोर्ट दिला होता.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच: अर्ज दुसऱ्याच्या हातात सोडून देणं. भरायला मदत घ्या, त्यात काही वावगं नाही. अमेरिकेच्या डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जात तर शेवटी विचारतातच, की अर्ज भरायला कोणी मदत केली का. तिथे "हो" लिहायचं. पण सबमिट करण्याआधी प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर मराठीत मोठ्याने वाचून घ्या. ईमेल आणि मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा द्या. अर्जाचा नंबर आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून ठेवा, कारण थोडा वेळ हात थांबला तरी ते पान बंद पडतं आणि नंबर नसेल तर सगळं पहिल्यापासून भरावं लागतं. सबमिट झाल्यावर चूक लक्षात आली, तर नवा अर्ज भरून त्याचा नंबर अपॉइंटमेंटच्या खात्यात बदलून घ्या. मुलाखतीला जुन्या अर्जाचं बारकोडचं पान नेऊ नका.

"मुलगा तिथे आहे हे सांगितलं तर व्हिसा देत नाहीत" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. तो ऐकू नका. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं तर अमेरिका कायमची दारं बंद करू शकते, कॅनडात ५ वर्षांची बंदी आहे आणि ब्रिटनमध्ये ती १० वर्षांपर्यंत जाते. आधी एखाद्या देशाने व्हिसा नाकारला असेल आणि अर्जात विचारलं असेल, तर तेही लिहा.

नाव आणि जन्मतारीख

आपल्याकडच्या जुन्या पिढीची ही मोठी अडचण. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिली, आधारवर १ जानेवारी आली, पॅनवर तिसरीच. सातबाऱ्यावर "सुमनबाई", बँकेत "सुमन", पासपोर्टवर आणखी वेगळं. परदेशी अधिकाऱ्याला "बाई" आणि "राव" आपण आदराने लावतो हे कसं कळणार? अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर लिहायचं. बाकी कागदांवर फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या. पासपोर्टमध्येच चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा, मग व्हिसाचं बघा.

फोटोही साधा वाटतो, पण त्यावरून अर्ज अडकतात. अमेरिकेसाठी २ बाय २ इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढलेला. लग्नातला फोटो कापून लावू नका.

खात्यातले पैसे

अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकांकडून उसने घेऊन खात्यात चार लाख टाकायचे आणि त्याचं स्टेटमेंट जोडायचं, हे मी फार घरांत पाहिलं आहे. ब्रिटन, कॅनडा आणि युरोपच्या अर्जांत मागच्या काही महिन्यांची उलाढाल बघतात. वर्षभर आठ-दहा हजारांवर असलेलं खातं एका दिवसात फुगलं की ते लगेच नजरेत भरतं.

शेतकऱ्याचं खातं मात्र खरोखरच असं फुगतं. कटाई झाली की केळीचे पैसे एकदम येतात, कापूस विकला की तसंच. ते लपवायचं नाही, समजावून सांगायचं. व्यापाऱ्याची पट्टी (मालाच्या विक्रीची पावती), त्याच रकमेची बँकेतली नोंद, सातबारा आणि आठ-अ (जमिनीचा खातेउतारा) एका पिनमध्ये लावा, वर एका पानाचं पत्र जोडा: "ही रक्कम अमुक तारखेच्या कटाईची." शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने रिटर्न भरत नसाल, तर तेही त्यातच लिहा. मराठी कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवं. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. सरकारी योजनेसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर साठ हजार आणि पट्ट्यांवर चार लाख असं एकाच फाईलीत दिसलं, तर दोन्हींवरचा विश्वास उडतो. दाखला खऱ्या आकड्याचाच काढा.

खिडकीपुढे

अमेरिकेच्या कायद्यात २१४(ब) हे कलम आहे. त्यानुसार अर्जदार तिथेच राहायला चालला आहे असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे पटवून देणं आपल्याकडे असतं. मुलाचा पगार, त्याचं घर, त्याचं आमंत्रण यांनी खर्चाचा प्रश्न सुटतो. तुम्ही परत का येणार, याचं उत्तर तुमच्याच आयुष्यात आहे.

मुंबईत मुलाखत मराठीतून देता येते. तरीही माणसं पाठ केलेलं इंग्रजी बोलायला जातात आणि दुसऱ्याच प्रश्नाला गडबडतात. जोडीने गेलात तर काकूंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर काकांनी देऊ नये. "नातवाला सांभाळायला जाते" एवढंच सांगितलं तर ते काम करायला जाण्यासारखं ऐकू येतं. खरं आहे ते पूर्ण सांगा: नातू बघायला जाते, तीन महिने राहीन, सप्टेंबरात केळीच्या कांदेबागेची लागवड आहे, त्याआधी परत येईन.

आम्ही काकूंचा सराव ओट्यावर बसून घेतला. मी विचारलं, "मागे बाग कोण बघेल?" त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी दीर सोडतील, पण लागवडीला मी लागते. रोप किती खोल लावायचं ते त्यांना जमत नाही." मी म्हटलं, हेच आणि असंच सांगा.

तिकीट व्हिसा हातात आल्याशिवाय पक्कं करू नका. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, म्हणून तो ठेवायला सोबत कोणी तरी न्या.

युरोपला निघालेल्यांसाठी थोडक्यात: शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाचा) अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, जिथली अपॉइंटमेंट लवकर मिळते तिथे नाही. प्रवासाआधी ६ महिने ते १५ दिवस या मुदतीत तो द्यायचा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं.

नकार आला तर

२१४(ब) खाली नकार आला की अपील नाही, भरलेली फीही परत मिळत नाही. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, पण तोच अर्ज तसाच दुसऱ्या महिन्यात टाकणं म्हणजे १८५ डॉलर पुन्हा घालवणं. आधी जुना अर्ज समोर घेऊन बसा, काय चुकलं आणि काय राहिलं ते शोधा. काकूंच्या दुसऱ्या अर्जात आधीचा नकार लिहिला, मुलगा लिहिला, व्यवसायापुढे "शेती" लिहिलं. या वेळी व्हिसा मिळाला.

व्हिसा १० वर्षांचा मिळाला म्हणजे तिथे दहा वर्षं राहता येतं, असा समज काकूंचाही झाला होता. किती दिवस राहायचं ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेक वेळा ६ महिने. ती तारीख आय-९४ या ऑनलाइन नोंदीत असते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाला ती उघडायला सांगा आणि तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.