बागकामाचं वार्षिक कंत्राट देण्याआधीची तयारी

कोटेशन मागवण्याआधी एक अख्खी सकाळ आवाराला द्या. कंत्राटदाराला सोबत घेऊ नका, फक्त टेप, वही, खुरपं आणि फोन घ्या. इमारतीचा जुना साइट प्लॅन असेल तर त्याची मोठी प्रत काढून घ्या. ऑफिस संकुल असो, गोदाम असो की रहिवासी इमारती, सुरुवात मोजण्यापासून करा. हिरवळ किती चौरस मीटर आहे, त्यातली सपाट किती आणि उताराची किती, हे वेगवेगळं लिहा. उतारावर यंत्रही वेगळं लागतं आणि माणसाला जपूनही काम करावं लागतं. झुडपी कुंपणाची लांबी, उंची आणि दोन्ही बाजू, फुलांचे वाफे, झाडांची जात आणि संख्या, झाडलोट करायची फरसबंदी, सगळं नोंदवा. हे आकडे आपण दिले नाहीत तर तीन कंत्राटदार तीन वेगळी मापं धरून दर देतात आणि मग त्या दरांची तुलनाच करता येत नाही. भिंतीलगत चालताना मातीची पातळीही बघा. वर्षानुवर्षं माती आणि खत टाकून वाफे चढत जातात. माती भिंतीतल्या ओलरोधक थरापेक्षा (जमिनीची ओल भिंतीत वर चढू नये म्हणून तळाशी घातलेला थर) निदान 15 सेंमी खाली हवी आणि उतार भिंतीपासून दूर जाणारा हवा, नाहीतर आतल्या खोलीला ओल येते आणि दोष प्लंबरवर जातो.

पाण्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक व्हॉल्व्ह उघडून बघा, त्यावर कुठली लाइन चालते ते प्लॅनवर लिहा आणि मुख्य बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते निदान दोघांना माहीत करून द्या. मग बागेचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून मीटरचा आकडा टिपा आणि तासाभराने पुन्हा बघा. त्या मीटरवर दुसरं काही चालू नसताना आकडा सरकला असेल तर जमिनीखाली कुठेतरी गळती आहे. स्प्रिंकलर असतील तर सरळ बाजूंचे, एकसारखे आठ-दहा डबे हिरवळीवर विखरून ठेवा, 15 मिनिटं पाणी चालवा आणि प्रत्येक डब्यात पट्टी बुडवा. एका डब्यात 3 मिमी आणि दुसऱ्यात 9 मिमी भरलं असेल, तर कोपऱ्यातलं पिवळं गवत का सुकतंय ते तिथेच कळतं. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पाण्याची वेळ वाढवली जाते आणि जिथे आधीच भरपूर मिळतंय तिथे चिखल होतो. दुरुस्ती खरं तर बुजलेल्या नोझलची, कलंडलेल्या स्प्रिंकलरची किंवा कमी दाबाची करायची असते. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाणी म्हणजे 1 लिटर. म्हणजे 500 चौरस मीटर हिरवळीला 10 मिमी द्यायचं तर 5,000 लिटर लागतात. हा हिशेब वहीत असला की पाण्याचं बिल आणि बाग एकमेकांशी ताडून बघता येतात.

पाणी पहाटे द्यावं. संध्याकाळी दिलं तर पानं रात्रभर ओली राहतात आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा दोन पाळ्यांत अंतर ठेवून खोलवर द्यावं, म्हणजे मुळं खाली जातात. खुरप्याने 10-15 सेंमी उकरून ओल बघा, वरून काहीच कळत नाही. टायमर बारा महिने एकाच वेळेवर लावलेला असेल तर ऋतूप्रमाणे तो बदलायची जबाबदारी कोणाची, हे कंत्राटात नावानिशी लिहा. प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरत असाल तर त्याची लाइन वेगळ्या रंगाची, पाटी लावलेली आणि पिण्याच्या पाण्याच्या लाइनला कुठेही न जोडलेली आहे याची स्वतः खात्री करा.

मातीची तपासणी स्वस्त असते, तरी बहुतेक लोक ती टाळतात. आवारात दहा-पंधरा ठिकाणी 15 सेंमी खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र मिसळा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेला द्या. हिरवळ आणि वाफे यांचे नमुने वेगळे ठेवा. नवीन इमारतीभोवती माती कमी आणि बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे तुकडेच जास्त असतात, शिवाय बांधकामाच्या यंत्रांनी ती दगडासारखी दबलेली असते. अशा जमिनीला आधी भोकं पाडून मोकळं करावं लागतं. अहवालाशिवाय कंत्राटात ‘दरमहा खत’ असं लिहिणं म्हणजे तपासल्याशिवाय औषध देणं.

आता झाडं. मेलेलं झुडूप महिन्याभरात पुन्हा लावता येतं, वीस वर्षांची सावली लावता येत नाही. प्रत्येक झाडापाशी खाली वाकून बुंधा बघा. खोड जमिनीजवळ रुंद होत मुळांत उतरताना दिसलं पाहिजे. खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसलं तर वर माती किंवा आच्छादन जास्त चढलंय. पालापाचोळ्याचं आच्छादन 5 ते 8 सेंमी पुरे आणि ते खोडाला टेकता कामा नये. मी सांभाळलेल्या एका आवारात पार्किंगमधल्या नऊपैकी सात झाडांना घोट्याच्या उंचीवर सालीवर गोल जखमा होत्या. ब्रश कटरची, म्हणजे गवत कापायच्या हातयंत्राची, फिरती दोरी दर कापणीला तिथे घासत होती. सालीच्या आतला पातळ जिवंत थर पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत नेतो. तो चहूबाजूंनी कापला गेला की मुळं उपाशी राहतात, आणि वरचा पर्णसंभार कितीतरी महिने हिरवाच दिसत असल्याने कोणाला पत्ताही लागत नाही. आम्ही प्रत्येक झाडाभोवती अर्धा मीटर गवत काढून आच्छादन टाकलं. नव्या जखमा थांबल्या, पण दोन झाडं आधीच हातची गेली होती. त्यामुळे ही अट आता मी प्रत्येक कंत्राटात पहिल्या पानावर लिहितो.

छाटणीबद्दलही स्पष्ट लिहा : शेंडा मारायचा नाही, फांदी जिथे खोडाला मिळते तिथली फुगीर कड जपून तिच्या बाहेर काप घ्यायचा, खुंट ठेवायचा नाही आणि जखमेला रंग फासायचा नाही. आधाराच्या काठ्या आणि रोषणाईच्या तारा सालीत रुतण्याआधी सोडवा. केबलसाठी चर खणायचा असेल तर आधी विचारा, कारण बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्येच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. वाळलेली मोठी फांदी, बुंध्याशी उगवलेली बुरशीची छत्री, नव्याने आलेला कल किंवा मुळांपाशी तडकलेली जमीन दिसली तर झाडांच्या जाणकाराला बोलवा, हे माळ्याचं काम नाही.

कंत्राटात खेपांबरोबर परिणामही लिहा. ‘महिन्यात चार कापण्या’ यापेक्षा ‘हिरवळ 6 ते 9 सेंमी दरम्यान राहील’ हे जास्त उपयोगी, कारण एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नसतो. कापणीनंतर गवताचे शेंडे फाटलेले आणि तपकिरी दिसले तर यंत्राचं पातं बोथट आहे. वादळात पडलेलं झाड, फुटलेला पाइप, मेलेली रोपं, हिरवा कचरा उचलणं यातलं काय आत आणि काय बाहेर, जादा कामाचा दर किती, हे आधीच ठरवा. विम्याची कागदपत्रं मागा. ब्रश कटरमधून उडालेला खडा गाडीची काच फोडतो, डोळाही फोडतो, म्हणून गॉगल आणि वापराच्या वेळा लिहून घ्या. फवारणी प्रशिक्षित माणसानेच, लेबलप्रमाणे, आधी पाटी लावून आणि नोंद ठेवून करावी. फुलोऱ्यावर मधमाश्या असताना तर नकोच.

गेटपाशी गाडीवाल्याची नजर अडवणारी झुडपं, दिवे आणि कॅमेरे झाकणाऱ्या फांद्या, मुळांनी उचललेली फरशी, बुजलेल्या गटारांच्या जाळ्या यांचे फोटो काढा. जाळ्या पाऊस सुरू होण्याआधीच साफ व्हायला हव्यात. बर्फ पडणाऱ्या जागी वाटेवरचा मीठ टाकलेला बर्फ झाडांच्या बुंध्याशी ढकलू नये हेही लिहा.

आधीपासून काम करणारा माळी असेल तर त्याच्यासोबत शेवटची फेरी मारा. कुठलं नळकोंडाळं अडतं, कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, हे त्याला पाठ असतं आणि तो गेला की तेही जातं. नव्या लोकांना पिण्याचं पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि अवजारं ठेवायला कुलपाची जागा तयार ठेवा. फोटो काढलेल्या जागांवर खडूने खूण करा, म्हणजे दर महिन्याला तिथूनच पुन्हा काढता येतील. पहिल्या दिवशी सुपरवायझरच्या हातात प्लॅनची प्रत आणि व्हॉल्व्हच्या किल्ल्या द्या आणि मुख्य व्हॉल्व्ह त्याच्याकडूनच एकदा बंद करून घ्या.