कच्चा नाश्ता करताय? मग या चुका टाळा

कच्च्या आहाराची सुरुवात बहुतेक जण नाश्त्यापासून करतात आणि आठवडाभरात पुन्हा उपम्यावर येतात. दोष आहाराचा कमी, तयारीचा जास्त. गॅस पेटवायचा नाही म्हणजे काही करायचंच नाही, असा समज असतो. खरं तर हा नाश्ता आदल्या रात्रीच सुरू होतो.

नुसती फळं

वाटीभर पपई खाऊन ऑफिस गाठलं की अकराच्या आत पोटात कावळे ओरडणार. फळांसोबत रात्री भिजवलेले शेंगदाणे किंवा बदाम, ओलं खोबरं, भोपळ्याच्या बिया असं काहीतरी हवंच. केळं, खजूर आणि ओलं खोबरं एकत्र कुस्करलं तरी दुपारपर्यंत निभतं. शेंगदाणा खवट किंवा कडू लागला, बुरशी दिसली, तर तो निवडून बाजूला काढत बसू नका. सगळेच टाका.

मोडांचा आळस

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मूग, मटकी आठ-दहा तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळायचं आणि मग पंचात बांधायची. पाणी राहिलं की दाणे चिकट होतात, आंबूस वास येतो. असे मोड धुऊन ‘चालतील’ म्हणू नका, टाकून द्या. एप्रिल-मे मध्ये बारा तासांत मोड येतात, थंडीत दिवसभरही लागतो. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. भिजवल्यावर गणंग, म्हणजे न भिजलेले टणक दाणे, वेचायला विसरू नका, नाहीतर दाताची खैर नाही.

मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूची मोठी साथ आली, पन्नासच्या वर माणसं दगावली. तपास शेवटी मेथीच्या मोडांपाशी पोचला. जंतू बियांसोबतच येतात, त्यामुळे धुण्याने सगळे जात नाहीत. गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेल्यांनी मोड वाफवूनच खावेत. नियम मोडला तर मोडू द्या.

आणि सगळी कडधान्यं मुगासारखी नसतात. राजमा कच्चा कधीच नको, मोड आणूनही नको. त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात. वाल, पावटे, सोयाबीनही शिजवूनच.

‘कच्चं’ समजून शिजलेलं

दडपे पोहे अनेकांना कच्चे वाटतात. पण भात (साळ) भिजवून, भाजून, मग चेपला की पोहे होतात. बाजारातले ओट्स वाफवलेले असतात, गूळ तर उकळूनच होतो. बहुतेक कच्चाहारी ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं अन्न कच्चं धरत नाहीत. एवढं काटेकोर राहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या मते पोह्यांनी आभाळ कोसळत नाही.

चव मात्र दडप्यांकडूनच उचला. हिरवी मिरची, आलं, कोथिंबीर मिठासोबत हाताने चांगलं चुरडा. पाणी सुटून हिरवा वास आला की त्यात खवलेलं खोबरं, कोचलेली काकडी, मोडाचे मूग आणि लिंबू घाला. फोडणीची आठवण येत नाही.

रस आणि दूध

दुधीचा रस काढण्याआधी दुधीचा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर घोटभरही पिऊ नका, मध घालून तर मुळीच नाही. कडू दुधीच्या रसाने आपल्याकडे माणसं दगावली आहेत आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असंच सांगितलं आहे. मुतखड्याचा त्रास असेल, तर रोज पेलाभर कच्च्या पालकाचा रस हा प्रकारही सोडा, त्यात खडे वाढवणारं ऑक्सलेट भरपूर असतं.

निरसं दूध ‘जास्त पौष्टिक’ म्हणून पिणारेही भेटतात. क्षय, ब्रुसेलोसिससारखे आजार त्यातून येऊ शकतात. दुधाऐवजी नारळाचं दूध काढा, पण लागेल तेवढंच. उन्हाळ्यात ते काही तासांतच नासतं.

राहिलं जीवनसत्त्व बी-१२. फळं, मोड, दाणे यांतून ते पुरेसं मिळत नाही. महिनोन् महिने फक्त वनस्पतीजन्य कच्चंच खात असाल तर डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करा, लागलं तर गोळी घ्या.