कॉलेजची रील: ड्रोन ठेवा घरी

कॉलेजच्या पेजसाठी रील करताय? ड्रोनने इमारत दाखवणं आधी सोडा. गच्ची काय, सगळ्यांचीच असते. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत पुण्यातल्या भरत नाट्य मंदिराबाहेर उभे राहा. 1963 पासूनची कॉलेजांची एकांकिका स्पर्धा ही. ‘अरे आव्वाज कुणाचा!’ सुरू झालं की पहिल्या तीन सेकंदांची चिंता मिटली. फोन उभा धरा. अगदी तोंडाशी नेऊ नका, आवाज फाटतो. घोळक्यापासून चार पावलं मागे थांबा. आणि वर ट्रेंडिंग गाणं चिकटवलंत तर केलेलं सगळं पाण्यात. तो बसलेल्या घशाचा ओरडा, तोच तर आपला!

मग सेट उचलणारी, खिळे शोधणारी बॅकस्टेजची पोरं घ्या. ती स्वतःच रील घरच्या ग्रुपवर टाकतात, वेगळं सांगावं लागत नाही. रंगमंचावरची एकांकिका मात्र शूट करायची नाही. संहिता लेखकाची असते.

अकरावीच्या प्रवेशाआधी हीच रील पुन्हा वर आणा. पसंतीक्रम भरणारी मुलं आमच्या पेजवर हमखास विचारतात, ‘तालमीला हजेरी मिळते का, ताई?’ मिळत नसेल तर तसंच लिहा आणि ती कमेंट पिन करा.