नखे पिवळी, पाय सुजलेले, खोकला जुनाट: यलो नेल सिंड्रोम कसा ओळखावा

सॅमन आणि व्हाइट या डॉक्टरांनी 1964 मध्ये वर्णन केलेला हा दुर्मीळ आजार बहुधा पन्नाशीनंतर दिसतो.

आधी नेलपॉलिश, मेंदी, हळद पूर्ण जाऊ द्या. मग उजेडात पाहा: नखे जाड, जास्त बाकदार, मुळाशी पांढरी चंद्रकोर आणि कडेची पातळ त्वचा नाहीशी. नखाच्या मुळाशी कानशीने हलकी खूण करा, चार आठवड्यांनी मोजा. निरोगी हाताचे नख सुमारे 3 मिमी वाढते. इथे वाढ जवळजवळ थांबलेली असते.

पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळावरची त्वचा चिमटीत धरून पाहा. धरता येत नसेल तर ती लसिका (लिम्फ) हा शरीरातला द्रव साचून आलेली सूज असू शकते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे बुरशी समजून महिनोन्‌महिने गोळ्या घेणे. नखाचे कात्रण तपासून बुरशी सापडली, तरच त्या घ्याव्यात. छातीत पाणी झाल्यास आणखी सावध राहा: त्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) जास्त असतात, क्षयरोगातही तसेच असते, त्यामुळे गल्लत होऊ शकते. म्हणून डॉक्टरांना नखे आणि पाय आवर्जून दाखवा.

ई जीवनसत्त्वाचे मोठे डोस काहींना लागू पडतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते स्वतःहून घेऊ नयेत. सुजेवर दाबपट्ट्या बांधतात, पण आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा.