डबा भरावा की अल्बमचं पान?

1986 साली मी सातारा डेपोत कंडक्टर म्हणून लागलो आणि 2019 साली निवृत्त झालो. तेहतीस वर्षं चामड्याच्या बॅगेत हात होता. सुट्ट्या पैशांत वेगळं काही दिसलं की खिशातले तेवढेच पैसे बॅगेत टाकायचे आणि ते नाणं घरी आणायचं, असा माझा नेम होता. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला जादा गाड्या सुटायच्या, तेव्हा आज्यांच्या कमरेच्या पिशव्यांतून काय काय निघायचं! कमळाचे पिवळे वीस पैसे, कंगोऱ्यांचे ॲल्युमिनियमचे दहा पैसे, एकदा तर भोकाचा पैसासुद्धा.

निवृत्तीनंतर डालड्याचे दोन डबे उपडे केले आणि वजन केलं. साडेअकरा किलो भरलं. आज माझ्या अल्बममध्ये 160 नाणी आहेत आणि त्या साडेअकरा किलोंतली त्यात फक्त 19 आहेत. बाकी का गळली, हे नव्याने जमवणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, कारण "भरपूर जमवू की मोजकीच चांगली घेऊ?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं.

माझं म्हणणं असं, की सगळ्या नाण्यांना एकच उत्तर लावू नका. हातातलं नाणं बघून एकच विचारा: हेच नाणं चांगल्या स्थितीत सहज मिळतं का? मिळत असेल तर झिजलेलं ठेवायचं नाही, फुकट मिळालं तरी नाही. मिळत नसेल तर झीज सोसायची.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांपासून सुरुवात करा. इथे शिकायला पैसे लागत नाहीत. साल कुठे आहे ते पाहा आणि त्याच्या खालची खूण बघा. हिऱ्यासारखा चौकोन असेल तर मुंबईची टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. एकाच सालाची एक रुपयाची चार नाणी चार टाकसाळींची असू शकतात, हे मला नोकरीच्या पंधराव्या वर्षी कळलं. तोवर मी ती सगळी "तीच तीच" म्हणून डब्यात टाकत होतो.

वहीत तक्ता आखा. आडव्या ओळीत साल, उभ्या रकान्यात टाकसाळ. एका घरात एकच नाणं. त्याहून चांगलं मिळालं की जुनं बाहेर काढायचं आणि तेही त्याच दिवशी. "राहू दे, जोडीला असू दे" असं म्हटलं की पुन्हा डबा सुरू होतो. 1957 ते 1963 चा नवा पैसा, ज्यावर 'रुपये का सौवाँ भाग' लिहिलेलं असे, तो आजही चकचकीत अवस्थेत परवडतो. मग अक्षरं पुसलेला का ठेवावा? 30 जून 2011 ला पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली, तेव्हा लोकांनी पावल्या ओंजळीने आणून दिल्या. मी सगळ्या ठेवल्या. त्यातल्या अल्बममध्ये बसल्या सहा.

राणीछाप आणि राजाछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या आणि तिच्यानंतरच्या इंग्रज राजांच्या रुपयांची गोष्ट वेगळी. इथे खरा पैसा लागतो, म्हणून इथेच हात आखडता घ्यावा. कोरेगावच्या एका जुन्या सराफांनी मला हे शिकवलं. मी त्यांच्याकडे सात झिजलेले रुपये घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, "मास्तर, या सातांच्या पैशात तुम्हाला दोन सुंदर मिळाले असते. हे सात उद्या विकायला काढाल तर मी चांदीचाच भाव देणार." त्यांनी तराजूच्या पेटीतून एक रुपया काढून दाखवला. तोळ्याचं वजन म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि रुपयाचं वजनही तेच.

त्यामुळे रुपया घ्यायला जाताना 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि दहापट भिंग बरोबर ठेवा. वापरलेला रुपया थोडा हलका भरेल, ते चालतं. मी एका प्रदर्शनात घाईने घेतलेला 1939 चा रुपया घरी आल्यावर 10.3 ग्रॅम भरला. कडेला साच्याची शिवण होती, म्हणजे ओतीव होता. 1939 दुर्मीळ, म्हणून त्याची नक्कलही होते. त्या वेळी माझ्याकडे काटा नव्हता. मात्र काट्यावरही सगळं सोपवू नका. 1940 ते 1945 चे रुपये वजनाला तेवढेच भरतात, पण त्यांत चांदी निम्मीच आहे. आधीच्या रुपयांत बारा भागांत अकरा भाग चांदी होती. तिथे साल वाचल्याशिवाय भाव ठरवायचा नाही. 1947 चा वाघाचा रुपया तर निकेलचा.

झीज कुठे पाहायची? जिथे नाणं उंच असतं तिथे. पंचम जॉर्जच्या रुपयावर झग्यावर एक हत्ती आहे. 1911 साली तो हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गदारोळ झाला आणि 1912 पासून ठसा सुधारला गेला. तो हत्ती स्पष्ट, सोंडेसकट दिसत असेल तर नाणं घेण्यासारखं. हत्तीच्या जागी गुळगुळीत डाग असेल तर ते फक्त चांदीच्या भावाने घ्या. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, तिथे कानावरचे केस बघावेत.

1862 चा रुपया हे तर दर्जाचं महत्त्व समजायला सगळ्यात चांगलं उदाहरण. 1874 पर्यंत त्याच सालाने रुपये पाडले गेले आणि मुंबईच्या टाकसाळीने बारीक टिंबांनी फरक केला. टिंबं मोजता आली तर नाणं बोलतं. झिजून टिंबं गेली असतील तर असे दहा रुपये जवळ असूनही तुम्हाला एकाचीही ओळख पटणार नाही.

आता शिवराई. इथे मी वर सांगितलेलं सगळं उलटं होतं आणि माझं मन सगळ्यात जास्त इथेच रमतं.

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांच्या नंतरही हाच मजकूर पुढे चालू राहिला, पेशवाईअखेरच्या दुदांडी, म्हणजे दोन रेघांच्या शिवराईपर्यंत. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरायचा. एकावर 'श्री' पूर्ण, दुसऱ्यावर 'राजा', तिसऱ्यावर 'पति'. अक्षराचं वळण वेगळं, 'शिव'चा कुठे 'सिव' झालेला, मध्ये कुठे एक रेघ तर कुठे दोन. शंभर-दीडशे वर्षं हातोहात फिरलेलं हे तांबं कोरं मिळेल अशी आशाच धरू नका.

म्हणून शिवराई संख्येने घ्या. मी आधी एकच "छान" शिवराई शोधत दोन वर्षं घालवली. मग साध्या, स्वस्त तेवीस घेतल्या आणि एका रात्री जमिनीवर पांढऱ्या कापडावर मांडल्या. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्यांतल्या चारांवरचा 'छ' एकाच हाताने कोरलेला आहे. एकेकटं पाहून ते कधीच कळलं नसतं. हे पाहताना अंगावर काटा आला. त्या कोरणाऱ्याचं नाव कोणालाच माहीत नाही, पण त्याच्या हाताची सवय तीन-चार तांब्याच्या तुकड्यांत शिल्लक आहे.

शिवराई घेताना दोनच पथ्यं. "शेतात हंडा सापडलाय" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, असा 1878 चा कायदा आजही आहे. आणि चिंचेने घासू नका. मी पहिल्या दोन घासल्या. वरचा काळसर, चॉकलेटी थर गेला आणि गुलाबी तांबं उघडं पडलं. तो थर पुन्हा येत नाही. माती असेल तर शुद्ध पाण्यात भिजवून मऊ ब्रशने काढावी, बस. हिरवी भुकटी सुटत असेल तर ते नाणं इतरांपासून लगेच वेगळं ठेवा.

ठेवण्याबाबत थोडक्यात सांगतो. स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटं नकोत, त्यांनी नाण्यांवर हिरवट चिकटपणा येतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या आणि नाणं कायम कडेला धरा. साताऱ्यासारख्या पावसाच्या गावात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच.

पैशांचं गणित मी असं केलं: महिन्याला 500 रुपये. त्यातले पहिले शंभर शिवराई किंवा साध्या नाण्यांना. उरलेले चारशे बाजूला साचवायचे आणि वर्षातून एक-दोनदाच रुपया घ्यायचा. जीव अडकलेलं नाणं समोर आलं आणि पैसे पुरत नसले, तर स्वस्तातलं झिजलेलं घेऊन समाधान करायचं नाही, रिकाम्या हाताने परत यायचं. सुरुवातीला हे फार जड जातं.

घ्यायला जाण्याआधी डोळा तयार करा. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार आहे, तिथे पहिल्या तीन फेऱ्यांत काहीही घेऊ नका, नुसतं हाताळा. फोनवर "तुमचं जुनं नाणं लाखाला घेतो, आधी फी भरा" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा.

डब्यातली उरलेली नाणी मी मोडीत घातली नाहीत. टाकसाळींच्या खुणा असलेली पंधरा-पंधराची पाकिटं केली आणि शेजारच्या शाळेतल्या पोरांना दिली, सोबत रिकामा तक्ता. परवा एक सातवीतली मुलगी विचारायला आली, "काका, ताऱ्याचा 1995 आहे का तुमच्याकडे?" माझ्याकडे एकच होता, तोही अल्बममधला. तिच्याकडे चौकोनाचा 1995 होता, माझ्यापेक्षा कितीतरी उजळ. आम्ही अदलाबदल केली आणि माझं ताऱ्याचं घर आता रिकामं आहे.